सतरा रिकाम्या घागरी

मी जगदेव जानराव बाजड, वय चोवीस, राहणार रिसोड, तालुका वाशीम. छाती क्षयानं पोखरली, पण डोकं शाबूत आहे. कोणाच्या धाकानं नाही, माह्या मर्जीनं हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकलो, वकिली मराठी जमत नाही, समजून घ्या.

एक. पुस्तकं अन् रंगाची पेटी शाळेले द्यावी. दोस्त मदनसिंग साक्षीदार आहे, म्हणून त्याले काही देता येत नाही. तोच म्हणाला होता, "अबे, मडके मांडले का कला होते काय बे?" त्याचे ते शब्दच त्याले परत.

दोन. त्या मडक्यांचं सांगतोच. गावविहिरीले खालच्या वस्तीतल्या बायांनी हात लावायचा नाही. कोणी वरून ओतलं तर भरायचं. गेल्या वैशाखात म्या त्यांच्याच सतरा घागरी मागून आणल्या, विहिरीपाशी ओळीनं रिकाम्या मांडल्या. हरेकीवर तिची बाई पाण्यासाठी किती वेळ ताटकळते ते चुन्यानं लिहिलं: दोन तास, तीन तास, सकाळपासून. गावच्या पोरांनी दगडांनी सगळ्या फोडल्या. म्या तर खुश! म्हणलं, गावानंच माहं काम पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतली धुरपताबाई दारात आली. "दादा, तुमचं झालं. आता आमी पानी कायात भरू?"

"आणून देतो," म्हणलं, अन् दोस्तांना सारं सांगायले अमरावतीले निघून गेलो. आठ दिवसांनी आलो. तिची नात सोजर, पाच वर्षांची, नाल्याचं पाणी पिऊन पटकीनं गेली होती.

तीन. पुंजाजी आज्यानं माह्या नावानं केलेल्या मळ्यातली विहीर मी त्या वस्तीले देतो. त्यांचा दोर, त्यांची बादली, त्यांचा हात.

हे मोठ्यानं म्हणत लिहीत होतो तं बाबा उशाशी बसून ऐकून राह्यले होते. म्हणाले, "विहीर कायले देतं? सतरा घागरी घेऊन दे नं."

"रिकाम्या घागरी तं म्या अगोदरच मांडल्या, बाबा."

ते उठून गेले. त्यांच्या सहीबिगर गाव हे चालू देणार नाही, मले माहीत आहे.

चार. माह्या तोंडात शेवटचं पाणी धुरपताबाईनं घालावं, तिची मर्जी असन तर. नसन तर कोरडाच जाऊ द्या. तिले कोणी बोलू नये.

रिसोड, ११ एप्रिल १९४१
सही: जगदेव जानराव बाजड
साक्षीदार: मदनसिंग, उदयसिंग

खालची जागा बाबांसाठी सोडली आहे.

वाचलं. दोर नवा लागन, तो मी आणतो.
जानराव पुंजाजी बाजड
१४ एप्रिल