आधी सभा भरू द्या

३ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

घटना नव्याने लिहायला सभा बोलावण्याचा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम तुमच्या न्यायालयापुढे आल्याचे मला वर्तमानपत्रातून कळते. पत्र लिहायला तुझ्या हाताला काय झाले आहे?

घटनेत दुरुस्तीची रीत आहे. घटनाच गुंडाळून दुसरी लिहायची सोय कुठेही नाही. मी वकिली सोडली तरी वाचणे सोडलेले नाही. तुमच्याकडे सर्वांत धाकट्या न्यायाधीशाने आधी मत द्यायचे असते, थोरांचा दबाव पडू नये म्हणून. घरात शेंडेफळाला कोणी तोंड उघडू दिले नाही, तिथे सगळे तुझ्या तोंडाकडे बघतात. हुकूम बेकायदा आहे, एवढेच म्हण. तळ्यात-मळ्यात नको; त्या खेळात तू कायम पहिला बाद व्हायचास.

पाठीचे दुखणे कसे आहे? माया आहे म्हणूनच ओरडते.

तुझी ताई

११ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पाठ बरी आहे. मत दिले. बेकायदा म्हटले नाही, कायदेशीरही नाही. हुकुमाविरुद्धचा अर्ज वेळेआधी आला आहे, आधी सभा भरू द्या, तिने मर्यादा ओलांडली तर तपासू, असे लिहिले. थोरले खोडून काढतील असे वाटले होते. धाकट्याचे मत बहुधा खोडण्यासाठीच असते.

कोणी खोडले नाही. एकामागून एक सगळे माझ्याशी सहमत झाले. बाहेर पडताना सरन्यायाधीशांनी पाठ थोपटली. म्हणाले, आमची मोठी सोय केलीत.

तू बोलणी घालशील. घाल, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

सभा भरली आणि पहिल्याच बैठकीत तिने तुमचे न्यायालय बरखास्त केले. आता तरी अर्ज वेळेवर म्हणायचा ना? म्हणून मी स्वतः लिहिला, काळा कोट झटकून घातला आणि बसने तिथवर आले.

फाटकाला कुलूप होते. बाहेर तुमच्यातलेच एक थोरले न्यायमूर्ती टपालाची थप्पी काखेत धरून गाडीची वाट बघत होते. आता हे कोणी तपासायचे, असे मी त्यांना विचारले. त्यांनी अर्ज हातातही घेतला नाही. म्हणाले, ते धाकट्यांना विचारा, मत त्यांचे होते.

म्हणून विचारते आहे. माया आटलेली नाही; पण या वेळी उत्तर सरळ लिही.

तुझी ताई