माझ्या बोटाचं रक्त

९ जानेवारी २००७

आज पण सलोनी रडत आली! इस्पितळाच्या लॅबमध्ये शिकते, पण काचेवर रक्त पसरायला जमत नाही. यतीन सर म्हणाले, ‘ही स्लाइड की लोणच्याची फोड?’ मेल्याची जीभ बघा! महिनाअखेर जमलं नाही तर काढून टाकणार. कसं चालेल? सुदेशला — माझ्या लेकाला, हिच्या बापाला — दर्यानं नेलं. हिची आई त्याच्या आधीच गेली. घरात ही नात आणि मी.

म्हटलं, ‘रडतंस कित्याक? माझा बोट घे आणि शिक!’

११ जानेवारी

माझ्या डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट ती टोचते. काचेवर थेंब. दुसरी काच तिरकी धरून थेंबाला टेकवायची, मग एका दमात पुढे सारायची. शेवटाला पिसासारखं पातळ हवं. जाड झालं तर रक्तातले कण एकमेकांवर बसतात, भिंगाखाली काही कळत नाही म्हणे. हिचा हात मध्येच थांबतो.

‘आंबोळी घालताना थांबतंस काय गो? पळी थांबली की गोळो!’

हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा.

१४ जानेवारी

वाळत ठेवलेल्या काचांवरचं रक्त मुंग्यांनी खाल्लं! आता सुक्या बांगड्यांसारख्या जाळीखाली झाकते. बाजारात माझ्या शेजारी मासळी विकणारी काशीबाई म्हणते, ‘यमुने, तुझा रक्त संपला तर बांगड्याचा दी तिका.’

म्हटलं, ‘तुझा देतंय. मसालो वेगळो घालूक नको.’

१७ जानेवारी

मासे निवडताना शिंगाळ्याचा काटा घुसला. डावा हात मनगटापर्यंत टम्म.

‘आजये, आज तुका टोचूचा नाय.’

‘मगे शिकतलंस कशी?’

‘बघतंय काय ता.’

तिच्या दंडावर निळा डाग दिसला. म्हणे एसटीत आपटलं. दमते पण फार, चपला काढायला उंबऱ्यावर बसते. मासळीकडे नाक मुरडलं की असंच व्हायचं!

१८ जानेवारी

जमली!! कालची काच सरांनी सगळ्या पोरांना दाखवली. ‘स्लाइड अशी हवी,’ म्हणाले. आंबोळीनं शिकवलं हो! ताजी सुंगटं सोलून कढी केली. दोन घास खाऊन उठली.

१९ जानेवारी

पोर आली ती काचा पुसत बसली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘सरांनी ती काच मोठ्या डॉक्टरांका दाखवल्यानी. त्यातला रक्त बरा नाय, आजये. वायट कण आसत.’

‘म्हणजे मी चललंय? बरा झाला, आधी कळला!’

मला घट्ट धरून हुंदके देत राहिली. झिडकारलं. बर्फात ठेवली तरी मासळी कधीतरी शिळी व्हायचीच. माझं काय? पण हिला भाजी-भाकरीला कोण ओरडेल? हिच्या बोलण्याला उलट कोण बोलेल? तेवढंच सलतं. सुदेश, तू तरी राहायचं होतंस रे.

२० जानेवारी

उद्या गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. काशीबाईला म्हटलं, माझी बाजारातली जागा तू घे, पण पोरीवर लक्ष ठेव. ती रडत बसली नि पाटीतला पेडवा कावळ्यानं नेला!

दोन लुगडी भरली. सलोनीनं पण आपले कपडे भरले, भरतच राहिली.

‘इतके कित्याक गो? मरतलंय मी, वऱ्हाड नाय जाणा!’

तोंड फिरवून घड्या घालत राहिली.

२१ जानेवारी, बांबोळी

नर्सबाईनं हाक मारली. मी उठले.

‘आजी, तूं न्हय,’ म्हणाली, आणि सलोनीला आत नेलं.

हाताची सूज अजून उतरली नाही. हा हात सुजला त्या दिवशी पोरीनं स्वतःचं बोट टोचलं होतं.