उंबऱ्यापुढचं घुबड

४ डिसेंबर
नाय बाई, मी नाय काढलं. मला साधं कमळ जमत नाय रांगोळीचं, घुबड कुठून जमंल? धाकटी जाऊ सकाळीच विचारायला आली, तिला असंच सांगितलं. तिच्या उंबऱ्यापुढं तोंड, घुबड, पाण्याची लाट अन् भाकरी. भोवती दोरीचा वेढा. "ताई, करणी असंल का हो?" म्हणलं, घुबड हाय म्हणजे... बघा बाई.
ती गेल्यावर पोट दुखेस्तोवर हसले.

५ डिसें.
पान गादीखाली हाय. पुड्या बांधायच्या रद्दीत आलं. मिसर देशाची चित्रलिपी. चौथी शिकलेली मी, चारदा वाचलं. र ला तोंड, म ला घुबड, न ला पाणी. थ नव्हता, त ची भाकरी घेतली. झालं ह्यांचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुन्हा जिभेवर नाय. दोरीचा वेढा फक्त राजाच्या नावाला. असू दे.
ते लोक दुष्मनाचं नाव दगडावरनं खोडायचे. नाव गेलं की मेलेला पुन्हा मरतो.
भाऊजींनी वर्षश्राद्धाच्या आत पंचवटीतल्या फुलांच्या दुकानावरचं ह्यांचं नाव घासून स्वतःचं लिवलं. मला समोर फुटपाथवर टोपली.

८ डिसें.
पक्षी जिकडं बघतो तिकडून वाचायचं. म्हणून आज घुबडाचं तोंड भाऊजींच्या दाराकडं.
भाऊजींनी घोटीहून भगत आणला. म्हणला, घरातलंच हाय, गेलेलं, नाव मागतंय. अख्ख्या गल्लीला पाटीचं माहीत, चहावाल्यानं सांगितलं असंल. पण वाचलं बरोबर मेल्यानं.

११ डिसें.
भाऊजी टोपलीपाशी आले. डोळे खोल, दाढी वाढलेली. हात जोडले.
"वहिनी, पाटीवर पुन्हा रामनाथ लिहून घेतो. दादाला म्हणा, आता पुरे."
"मी कशी म्हणू भाऊजी? मला तर त्यांचं नावबी घेता येत नाय."
शेवंतीची वेणी दिली हातात. जावेसाठी.

१४ डिसें.
पाटी लागली. पिवळ्या रंगात ह्यांचं नाव, पहिल्यापेक्षा मोठं. डोळं भरून बघितलं. रांगोळीचा डबा फळीवर टाकला.
दुपारी जाऊन पुन्हा दोन किलो रांगोळी आणली.
नावासाठी करते, असं ह्या वहीतबी लिहीत आले. खोटं हाय. भाऊजी भितात, ते बघायला मला लय आवडतं.