गोल कटर कोणाकडे जावा

९ मार्च, रविवार, दुपार

या वहीत शेवटचे लिहिले त्याला चौदा महिने झाले. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी "आज काही लिहायला नको" एवढेच वाक्य आहे, आणि पुढे कोरी पाने. वहीची माफी मागते. दुःखामुळे लिहिले नाही, असे लिहिणार होते, पण ते पूर्ण खरे नाही. मी लिहायला बसले की आई आतून विचारायची, "माझ्याबद्दल काय लिहितेस गं?" ते विचारणारे कोणी उरले नाही, म्हणून लिहिणे सुटले.

आज लिहायचे कारण वेगळे आहे. गुरुवारी माझे पोटाचे ऑपरेशन आहे, गाठ काढायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी आठवड्यात घरी जातात." मी उरलेल्या दोघींबद्दल विचारले. त्या हसल्या. "तुम्ही ना, कागदपत्रं नीट करून या. डोकं शांत राहील." कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने दोन गोष्टी सांगितल्या: साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घ्यायची नाही. बाकी "मनात आहे ते लिहा मॅडम, मी टाइप करून देतो." तेव्हा हा कच्चा मसुदा.

मी, खाली सही करणार असलेली, वय सत्तेचाळीस, वनस्पतिशास्त्राची पदवीधर, अविवाहित, शिक्षणसंस्थेच्या क्रीडामैदानाची देखभाल प्रमुख, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळचे कोणी नाही, हे वाक्य टायपिस्ट गाळेल, पण वहीत राहू दे.

कलम १. घर. दोन खोल्या आणि मागची गॅलरी माझ्यानंतर धाकट्या भावाला मिळावी. त्याला विकायचे असेल तर विकावे, माझी हरकत नाही. बाथरूमचा नळ उलटा बसवलेला आहे, तो डावीकडे फिरवल्यावर बंद होतो. घेणाऱ्याला आधी सांगावे.

भावाला काल फोन केला. तो म्हणाला, "काय गं ताई, मृत्युपत्र कसलं करतेस? मरायला निघालीस की काय?"

"उद्या रिकामा रविवार आहे, म्हणून."

"मी येऊ का?"

"नको रे, रजा कशाला घालवतोस? साधं ऑपरेशन आहे."

"बरं मग, झालं की कळव."

त्याचा दोष नाही. मीच नको म्हटले. पण त्याने दुसऱ्यांदा विचारले असते तर मी हो म्हणाले असते, हेही इथे नोंदवून ठेवते.

कलम २. बँकेतील शिल्लक भावाच्या मुलीला. आधी "फक्त शिक्षणासाठी" असे लिहिले होते, ते खोडले. तिच्या वयात मला कोणी अशी अट घातली असती तर मी आयुष्यभर लक्षात ठेवले असते.

कलम ३. हत्यारे. ही माझ्या जागी येणाऱ्या प्रमुखाला द्यावीत. तो किंवा ती कोण असेल ते माहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मैदानात दोनशे बारा फवारे आहेत. पाणी बंद असताना ते जमिनीच्या पातळीत दडून बसतात, पाणी सोडले की दाबाने वर उठतात. कडेचे गवत वाढत वाढत त्यांच्या तोंडावर येते. मग फवारा अर्धाच उठतो, एका बाजूला डबके होते आणि दुसऱ्या बाजूला हिरवळ पिवळी पडते. म्हणून प्रत्येक फवाऱ्याभोवती दोन बोटे रुंदीचे कडे मोकळे ठेवावे लागते. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीचा बराचसा भाग या दोन बोटांत गेला.

लांब दांड्याची कात्री: रेताड माती आणि कोवळे गवत असेल तिथे हीच वापरावी. ती चुकत नाही, फक्त वेळ खाते. वापरून झाल्यावर पुसावी. पुसून ठेवली असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, पाते बघावे.

खुरपे: कापलेले कडे उचलून काढण्यापुरते. फवाऱ्याच्या अंगाला टेकवून त्यावर जोर देऊ नये, प्लास्टिक तडकते.

दोरीचे मशीन: हे संस्थेचे आहे, माझे नाही. गरगर फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने गवत झपाट्याने कापले जाते, पण ती दोरी फवाऱ्याच्या टोपीला लागली तर टोपी चिरते. आधी फवाऱ्यावर पत्र्याचा डबा पालथा घालावा, मग मशीन चालवावे.

तणनाशक: नको. महिनाभर कडे नीटनेटके दिसते, पण मुळे मेली की माती खचते आणि फवारा कलतो. कलता फवारा प्रेक्षकांना भिजवतो आणि मग सगळे मैदानप्रमुखाला शोधतात.

दातेरी सुरी: मुळांचा जुना, चटईसारखा थर कापायला हिच्याइतके चांगले काही नाही. पण ती आईची पाव कापायची सुरी आहे. मी न विचारता नेली होती. आई दोन महिने विचारत होती, "अगं, माझी सुरी गेली कुठे? घरात आपण दोघीच, मग खाल्ली कोणी?" मीही तिच्याबरोबर कपाटे उघडून शोधत होते. शेवटी तिने नवी आणली. सुरी भावाच्या स्वयंपाकघरात जावी. धुऊन.

इथपर्यंत हात नीट चालला. पुढचे कलम तीनदा लिहून खोडले आहे.

कलम ४. गोल कटर. हा लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा आहे, खालच्या कडेला करवतीसारखे दाते, वर आडवी मूठ. तो संस्थेच्या नळकाम मिस्त्रींनी माझ्यासाठी बनवला होता. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मी नोकरीला लागले त्या पहिल्या उन्हाळ्यात मला कात्री घेऊन गुडघ्यांवर सरकताना पाहून म्हणाले होते, "ताई, तुम्हाला साहेब म्हणून घेतलंय की रांगायला शिकायला?" चौथ्या दिवशी कटर आणून दिला. चोवीस दाते हाताने घासलेले.

"फवाऱ्यावर ठेवा, अर्धा पीळ द्या, उचला. बिस्किटाच्या साच्यासारखं."

"दाबायचं किती?"

"ते हाताला कळतं."

त्यांच्या हाताला कळत असेल. माझ्या हाताला कळत नव्हते, आणि मी पुन्हा विचारले नाही. कॉलेज शिकून आलेल्या मुलीने एकच गोष्ट दोनदा काय विचारायची, असे मला वाटले.

अकरा वर्षांपूर्वी मोठ्या स्पर्धेच्या आधी पूर्वेकडच्या उतारावर घाईने काम काढले. पुढे मिस्त्री दोरीचे मशीन घेऊन, मागे मी कटर घेऊन. दोन आठवड्यांनी उतारावर नऊ ठिकाणी जमीन ओली राहू लागली, आणि स्पर्धेच्या सकाळी तिथे चिखल होता. धावण्याच्या शर्यती रद्द झाल्या. संस्थेने लेखी अहवाल मागितला. मी लिहिले: "नळकाम मिस्त्रींनी दोरीचे मशीन निष्काळजीपणे वापरल्यामुळे पाइप फुटले." हे वाक्य मला तोंडपाठ आहे.

मिस्त्री कार्यालयाच्या दारात उभे राहून म्हणाले, "ताई, दोरीनं वरची टोपी चिरते. खालचा पाइप नाही फुटत. एक तरी खड्डा उकरून बघा."

मी म्हणाले, "अहवाल गेलाय."

"मग उकरायचंच नाही?"

मी फाइल चाळत राहिले. बाहेरच्या कंत्राटदाराने नऊ पाइप बदलले. मिस्त्रींना मैदानावरून काढून वसतिगृहाच्या न्हाणीघरांतले गळके नळ दिले. त्यानंतर आमचे बोलणे "पाणी आलं का?" आणि "आलं" एवढ्यावर आले.

तीन वर्षांनी त्याच उतारावर एकशे एकेचाळीस नंबरचा फवारा गळू लागला. तो मी स्वतः उकरला. फवाऱ्याला शेजारून येणारी नळी उतारावर फार वर बसवली होती, आणि तिच्यावर अर्धचंद्रासारखी जुनी चीर होती. ती अर्धवट होती, म्हणून इतकी वर्षे टिकली. चिरेत बारीक बारीक दात्यांच्या खुणा होत्या, आणि मध्ये एका दात्याची जागा कोरी. माझ्या कटरचा एक दाता पहिल्याच वर्षी तुटला होता. मी कटर खुणांवर धरून पाहिला. बसला.

मी नळी बदलली, खड्डा बुजवला आणि वर गवत लावले. मग कटर बाहेरच्या वेल्डरकडे नेऊन त्याला दात्यांच्या वर दोन बोटांवर लोखंडी कडे बसवून घेतले, म्हणजे तो त्याहून खोल जाऊच नये. तेव्हापासून एकही पाइप कापला गेलेला नाही. मी ते कडे म्हणजे प्रायश्चित्त समजत होते. पण मिस्त्री न्हाणीघरातच राहिले, तेव्हा त्याला प्रायश्चित्त म्हणता येत नाही. नुसती दुरुस्ती.

मागच्या वर्षी मिस्त्री निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी आपला पाना न्यायला माझ्या अवजारांच्या खोलीत आले. खिळ्यावरचा कटर काढून त्यांनी हातात फिरवला, कड्यावरून अंगठा फिरवला.

"कडं चांगलं बसवलंय. कोणी केलं?"

"बाहेरून करून घेतलं."

"हं. मला सांगितलं असतं तरी केलं असतं." कटर पुन्हा खिळ्याला अडकवला. "तुटलेला दाता तेवढा राहिला बघा." आणि गेले.

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. कधीपासून, ते मला ठाऊक नाही.

या कलमात मी आज सकाळी असे लिहिले होते: "गोल कटर मिस्त्रींना द्यावा, आणि वरील हकिकत त्यांना वाचून दाखवावी." वाचून बरे वाटले. फारच बरे वाटले, म्हणून संशय आला.

तेवढ्यात शेजारच्या शिवणकामवाल्या काकू हातात अर्धे शिवलेले पोलके घेऊन आल्या. त्यांना पहिली साक्षीदार व्हाल का विचारले.

"होईन की. मला काय ठेवलंस?"

"साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, काकू."

"मग हा कसला धंदा! बरं, करते सही. दुसरं कोण?"

"बघते."

"बघते काय? तुझ्या हाताखाली सात माणसं आहेत ना?"

"ते करतील. रजेच्या अर्जावर माझी सही लागते त्यांना, नाही कसे म्हणतील?"

काकूंनी दातांनी बाहीचा दोरा तोडला. "मग बाहेरचं बघ. बाई गं, सत्तेचाळीस वर्षांत तुझ्याकडे दोन माणसं नाहीत?"

त्या टोचून बोलल्या नाहीत. त्यांना खरेच नवल वाटले. मलाही वाटले. त्या गेल्यावर मी नावे लिहायला घेतली. आई गेली. मैत्रीण होती, तिच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले, मग उत्तर द्यायची लाज वाटली. कागदावर एकच नाव उरले.

साक्षीदाराने एवढेच सांगायचे असते की हिने शुद्धीत सही केली. मी केव्हा शुद्धीत होते आणि केव्हा नव्हते, हे मिस्त्रींइतके जवळून कोणी पाहिलेले नाही.

पण ते साक्षीदार झाले तर कटर त्यांना या कागदातून देता येत नाही. दुपारभर यावर विचार केला. कटर मृत्युपत्रातून दिला, तर हकिकत त्यांच्या कानावर जाईल आणि त्यावर ते काय म्हणतात ते ऐकायला मी नसेन. ती वाट मी निवडली होती, कारण ती सोयीची होती. मी गुरुवारनंतर घरी आले, तर हकिकत आणखी वीस वर्षे मृत्युपत्राच्या पाकिटात पडून राहील. अठ्ठ्याण्णव जणींमध्ये येण्याचा हा एक तोटा माझ्या लक्षात आला नव्हता.

म्हणून कलम ४ रद्द. कटरची विल्हेवाट या मृत्युपत्राने होणार नाही.

कलम ५. अकरा वर्षांपूर्वीचा माझा अहवाल चुकीचा होता, पाइप माझ्या हातून कापले गेले, आणि मिस्त्रींनी खड्डा उकरायला सांगितले असता मी नकार दिला, असे संस्थेला लिहिलेले पत्र तयार आहे. दोन प्रती. ते माझ्या मृत्यूवर अवलंबून नाही. बुधवारी मी स्वतः देणार आहे. तत्पूर्वी एक प्रत ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी वाचावी.

ते सही करतील का, माहीत नाही. दार उघडतील का, तेही माहीत नाही. दुसऱ्या साक्षीदाराची ओळ भरली नाही, तर टायपिस्टच्या मते हा कागद मृत्युपत्र ठरत नाही. न ठरो. पण त्या ओळीत दुसरे कोणाचे नाव घालायचे नाही, हे मी पूर्ण शुद्धीत ठरवले आहे.

लिहून देणार: (सही पक्क्या प्रतीवर, दोन्ही साक्षीदारांसमोर)

साक्षीदार १: शिवणकामवाल्या काकू, शेजारी. हो म्हणाल्या आहेत.

साक्षीदार २:

ठिकाण: घर, स्वयंपाकघरातले टेबल, आईच्या खुर्चीसमोर.
तारीख: ९ मार्च.

उद्या: कटरला तेल लावून मिस्त्रींच्या घरी नेणे, आणि तुटलेला दाता घासून द्याल का, विचारणे.