बुजवलेल्या विहिरीवरची अंगणवाडी

मी, चांगुणा धोंडिराम शिवशरण, वय सदुसष्ट, राहणार बौद्धवस्ती, होटगीजवळ, तालुका दक्षिण सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीला पडलेली उमेदवार ती मीच. हरल्यामुळे बाईचे डोके फिरले असे सरपंच धनाजी म्हणतील. खुशाल म्हणोत.

१. माझे यजमान रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या फंडातून बांधलेले दोन खोल्यांचे घर मी वस्तीच्या अंगणवाडीला देत आहे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. पोरे उद्यापासूनच तिथे बसवावीत. बँकेतली शिल्लक आणि शिलाई मशीन माझी मुलगी धम्मप्रिया हिला. तिने मशीन भंगारात घालू नये, जुने दिसले की विकून टाकायची सवय तिला आहे.

२. ओढ्यात येणारे टॉवेल कारखान्याचे रंगीत पाणी बंद करणे, कचऱ्याचा ढीग हलवणे आणि आमची विहीर मोकळी करणे, एवढाच माझा जाहीरनामा होता. गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते म्हणून आमच्या पणज्यांनी ही विहीर खणली. धनाजींनी ती टॉवेलच्या चिंध्यांनी बुजवली, वर स्लॅब टाकला आणि त्यावर अंगणवाडी उभी केली. चिंध्या कुजल्या की स्लॅब खाली बसणारच. हे मी सभेत सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मावशी, मेलेली हीर कशाला उकरताय?" लोक हसले. धनाजींना माझ्याकडून काही नाही. त्यांनी माझ्या मयतालाही येऊ नये.

३. त्या विहिरीची एक रीत होती. पायऱ्या अरुंद आणि वळणाच्या, एका वेळी एकीनेच उतरायचे. खालची बाई घागर भरली की ओरडायची, "कोण हाय वर?" जी आपले नाव सांगेल, तिची पुढची पाळी. माझी थोरली जाऊ केराबाई त्याच पायऱ्यांवरून घसरून बुडाली. तेव्हापासून वस्तीत तिचे नाव कोणी घेत नाही.

४. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी ऐकले ते लिहिते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंगणवाडीत गेले, तर सगळी पोरे पालथी पडून फरशीला कान लावलेली. हाक मारली तरी एक हलेना. मग एकेकाने फरशीला तोंड टेकवून आपले नाव सांगितले. त्यांतली सगळ्यांत धाकटी प्रतीक्षा मला म्हणाली, "खालची बाई इचारती की, कोण हाय वर. आमी रोज सांगतो."

"कंची बाई गं?"

"केराबाई."

मदतनीस गुरम्मा दुधनीकडची. ती दारातच उभी होती. "अक्का, म्या बी ऐकलं. पर म्या नाव न्हाय सांगितलं," म्हणाली आणि रडायला लागली.

मी कान लावला. आधी पाण्याचा आवाज आला. मग हाक. मला भीती वाटली, लई वाटली. तरी माझे पूर्ण नाव सांगितले आणि म्हणाले, "केराबाई, पोरं ऱ्हाऊ दे. म्होरली पाळी माजी."

५. आजपासून मी अंगणवाडीच्या त्या खोलीत राहणार आहे. जीव द्यायचा माझा विचार नाही; पुढची निवडणूकही लढवायची आहे. पण एखाद्या सकाळी मी तिथे दिसले नाही, तर स्टेशनावर, लेकीकडे शोधत बसू नये. स्लॅब फोडावा. विहीर मतांसाठी उपसली नाहीत, पोरांसाठी उपसली नाहीत, एका बाईचे मढे शोधायला तरी उपसाल. आणि मी सापडले म्हणून काम अर्धवट सोडू नये. पाणी लागेपर्यंत उपसावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

सही : चांगुणा धोंडिराम शिवशरण

आमच्या डोळ्यांदेखत सही केली :
१. गुरम्मा, अंगणवाडी मदतनीस (सही कन्नडमध्ये)
२. सुमित तळभंडारे, शेजारी

ठिकाण : अंगणवाडीची खोली
दिनांक : ९ मार्च २०२६