पांढऱ्या केसाचं मूळ

अण्णा, तुम्ही गेलात, कऱ्हाडचं सलून बंद झालं, आणि त्यानंतर सहा वर्षांनी मी लंडनच्या एजवेअरमध्ये केसांच्याच कामाला लागले, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. ह्यांची सॉफ्टवेअरची नोकरी, म्हणून आम्ही इकडे आलो. इथल्या एका क्लिनिकमध्ये टक्कल पडलेल्यांना केस लावायचे. डॉक्टर डोक्यामागून कातडीची बारीक पट्टी काढत आणि आम्ही चौघी मायक्रोस्कोपखाली तिच्यातला एकेक केस मुळासकट सोडवायचो. मुळाला पातं लागलं की केस गेला. काळा केस दिसतो, पांढरा चरबीत हरवतो. म्हणून पिकलेल्या केसांच्या माणसाला आदल्या दिवशी डाय लावून यायला सांगत.

एका सकाळी एक रिटायर्ड बसड्रायव्हर आले. केस कापसासारखे. डायने त्यांचा चेहरा सुजायचा, त्यामुळे दोन ठिकाणांहून त्यांना परत पाठवलेलं. आमचे डॉक्टरही म्हणाले, "सॉरी. दिसलंच नाही तर आम्ही तुमचे केस वाया घालवू." ते उठले. "बायको म्हणते, आहेस तसा छान आहेस," ते म्हणाले. "पण आरशात मला माझे वडील दिसतात, मी दिसत नाही."

आणि मी एकदम नऊ वर्षांची होते. शाळेतून येऊन सलून झाडते आहे आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोर ओरडता, "झालं म्हणतेस? पांढऱ्या फरशीवर पांढरे केस तसेच पडलेत. उभ्याने दिसतात का ते? खाली वाक, दाराकडे तोंड कर, तिरकं बघ." मी रडत वाकते, आणि दारातून आलेल्या उन्हात केसन् केस चकाकतो.

मी डॉक्टरांना म्हटलं, "आधी नखाएवढाच तुकडा द्या. वरचा दिवा बंद करून कडेने उजेड घेते." आमच्यातली सीनियर बाई हसली. डॉक्टरांनी पेशंटकडे पाहिलं, तर ते परत खुर्चीत बसलेसुद्धा होते. वीस केस सोडवले, एकाच्याही मुळाला धक्का नाही. डॉक्टरांनी स्वतः डोळा लावून बराच वेळ पाहिलं. "कुठे शिकलात हे?"

"माझे वडील न्हावी होते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

वर्षभराने ते बसड्रायव्हर बायकोला घेऊन आले. कपाळावर पांढरीशुभ्र झुलपं, आणि ती बाई आमच्यादेखत त्यात बोटं फिरवते आहे. तेव्हापासून पिकल्या केसांचं प्रत्येक काम माझ्याच टेबलावर येऊ लागलं. आमच्यातली एक पोलिश मुलगी नव्या पोरींना शिकवताना चक्क "तिर्क बग" म्हणायची. तुमचा शब्द, अण्णा, एजवेअरमध्ये!

हे पत्र कुठे टाकणार, राहील इथेच ड्रॉवरमध्ये. म्हणून एक कबूल करते. मला साधे केस कापता येत नाहीत. परवा ह्यांचे कापायला घेतले आणि कानामागे पायऱ्या पडल्या. हे आरसा धरून बघत राहिले. मी म्हटलं, "आमचे अण्णा असेच कापायचे." तुमच्यावर ढकललं.