भाई, ती गाडी दारात उभी होती

प्रिय भाई,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. राहू दे, आता खोडत नाही.

तुमच्या मुंबईच्या मंडळाने तुमच्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलंय. प्रकाश म्हणाला, "तू बरां लिवतंस, भाईंवर चार ओळी लिही." लिहिल्या. 'मोठ्या दिरांनी वडिलांची माया दिली' वगैरे. पाठवूनही दिल्या. पण पेन खाली ठेववेना, म्हणून हे दुसरं पत्र. हे कोणी छापणार नाही. इतकी वर्षं तुमच्यासमोर मी फक्त "होय भाई" म्हटलं. आज तुम्हाला मला मध्येच गप्प करता येणार नाही!

प्रकाशच्या पायांना मुंग्या आल्या तो आठवडा आठवतो? आधी पोट बिघडलं होतं, ते बरं झालं, आणि मग पाय जड झाले. होड्यांची इंजिनं एकट्याने उचलणारा तुमचा भाऊ पायरीवर बसला, तो उठेचना. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने त्याच्या गुडघ्याखाली हातोडीने ठोकलं. पाय हलला नाही. दुसराही नाही.

"ह्यांना आजच गोव्याला न्या, उद्यावर टाकू नका," ती मला बाहेर बोलावून म्हणाली. "जीबीएस वाटतोय. ह्यात शरीर आपल्याच नसांवर उलटतं. पायांतून वर चढत श्वासापर्यंत गेलं तर आपल्याकडे मशीन नाही."

गाडी दारात उभी होती, भाई. पिशवी भरून झाली होती, प्रकाश आत झोपला होता. मी तुम्हाला फोन केला तो कळवायला. विचारायला नव्हे!

"मी इल्याशिवाय त्येका खंयच हलवू नको," तुम्ही म्हणालात. "ह्ये नये डॉक्टर उगीच भिती घालतत. सकाळच्या गाडयेन येतंय."

आपल्याकडे आजार गावात होतो आणि निर्णय मुंबईत. घराची कौलं बदलायची, मुलीचं स्थळ बघायचं, विहिरीला पंप बसवायचा, सगळं मुंबईकर आल्यावर. पण नसांना हे कोण सांगणार? तुमची गाडी रत्नागिरीला पोचायच्या आधीच प्रकाशने चहाचा घोट घेतला आणि तो नाकातून बाहेर आला. मी पुन्हा फोन केला. तुम्ही म्हणालात, "पोचतंयच." दुपारी केला, तेव्हाही "पोचतंयच." तुम्ही संध्याकाळी पोचलात तेव्हा त्याला "भाई" हा एक शब्द एका श्वासात म्हणता येत नव्हता.

मग काय ती धावाधाव! ॲम्ब्युलन्समध्ये पुढे तुम्ही बसलात, ड्रायव्हरवर ओरडलात, गोव्याच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोललात. प्रकाश मशीनवर गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी बाजूला गाठून विचारलं, "एक दिवस आधी आणलं असतं तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ते सांगता येत नाही." तेवढंच उत्तर मला मिळालंय, आणि मी रोज ते उलटसुलट करून बघते. तुम्ही कधी बघितलंत का हो?

नाही. तुम्ही गावभर सांगितलंत, "मी वेळेर पोचलंय म्हणान वाचलो." आणि प्रकाशनेही तेच धरलं. आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "भाईन माका गोव्याक नेल्यान, म्हणान मी आसंय."

आणि त्याची पान्यांची पेटी? आम्ही अजून गोव्याच्या दवाखान्यात असताना तुम्ही त्याचा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा गाळा रिकामा केलात. सगळी हत्यारं देवबागच्या एकाला देऊन टाकलीत. "प्रकाशाक आता ह्येचो काय उपयोग?" वर दारात व्हीलचेअर आणून ठेवलीत, नवीकोरी, प्लास्टिकसकट. तुम्हाला ती माया वाटली. मला तुमचा इतका राग आला की त्या दिवशी मी तुम्हाला वाढायला बाहेर आले नाही. तुम्हाला वाटलं, दमली असेल!

कुडाळच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काम काय करता?" आणि म्हणाल्या, "मग नट-बोल्ट आणा." मी देवबागला जाऊन पेटी परत मागून आणली. लाज वाटली नाही. महिनाभर प्रकाश एक नट बोल्टवर चढवत होता आणि नट खाली पडत होता. बोटांना तो कळतच नव्हता. बाई त्याला दमू द्यायच्या नाहीत. दहा मिनिटं झाली की हात धरून थांबवायच्या. नसा सावकाश भरून येतात, घाई केली तर उलट जातात, म्हणायच्या. तो रडायचा, मला शिव्या द्यायचा. आज गाळा उघडतो. डावं पाऊल अजून ओढतं, त्याला पट्टा लावावा लागतो. तुमच्या व्हीलचेअरवर मी आमसुलं वाळत घालते.

हे सगळं तुमच्याबरोबर जळून गेलं असतं, भाई. पण गेल्या मंगळवारी शेजारच्या हमीदाचाचीच्या सुनेच्या पायातली चप्पल अंगणात निसटली आणि तिला कळलंच नाही. तशीच अनवाणी चालत राहिली. मी विचारलं, तर दोन दिवस मुंग्या, हात पण जड.

"अल्ताफ परवा मुंबयसून येतलो," चाची आपल्या मुलाबद्दल म्हणाली, "मगे बघया."

मी ओरडले. भर अंगणात, सगळी आळी ऐकत असताना! "थांबू नकात! आमी थांबलंव! माझ्या दारातली गाडी मी परत धाडलंय!"

तासाभरात आम्ही निघालो. ती पोर आता गोव्याला आहे, इंजेक्शनं चालू आहेत. काल तिने स्वतःच्या हाताने पेज खाल्ली.

पण मी काय ओरडले ते आळीने ऐकलंय. आज ना उद्या ते गाळ्यापर्यंत जाईल, आणि प्रकाशला ते दुसऱ्या कोणाकडून कळावं हे मला नको आहे.

तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन असं वचनही देत नाही. वचन एवढंच देते, की उद्या तो चहा प्यायला बसेल तेव्हा त्याला सगळं सांगेन. तुमचा फोन सांगेन, पण नंतर. आधी हे सांगेन की तुम्ही मुंबईत होतात, आणि ड्रायव्हरला "जा" म्हणणारी मी होते.

तुमची भावजय,
सुनंदा